त्रिपुरी पौर्णिमेची ओहोटी

महमुदाभाभी पहिल्यांदा आमच्या घरात आली ती थेट फ्रीजपाशी गेली. आम्ही बहरीनमध्ये सनदला राहायला येऊन जेमतेम आठवडा झाला होता, अर्धी खोकी उघडायची बाकी होती, आणि ही समोरच्या फ्लॅटमधली बाई येते काय, फ्रीजचं दार उघडते काय, बर्फातली पापलेटं बोटाने दाबून बघते काय! मग माझ्याकडे वळून म्हणाली, "नीलाताय, कोकनातली ना गो तू? आनि ह्या फळ्या खातेस?"

मी तिला माझं नावसुद्धा सांगितलं नव्हतं. ते तिने खालच्या वॉचमनकडून आधीच काढून घेतलं होतं.

मला अशी माणसं आवडत नाहीत, हे स्पष्टच सांगते. माझा स्वभाव तापट. माझा नवरा जयप्रकाश म्हणतो की आमच्या घरी बेल वाजली की आधी माझ्या कपाळावर आठी येते आणि मग मी दार उघडते. तेव्हा या बाईला चार हात लांब ठेवायचं मी त्याच दिवशी ठरवलं. संध्याकाळी पुन्हा बेल वाजली. दारात तिची लेक सुहा, हातात झाकलेला टोप. "मम्मी सेंट धिस," एवढंच म्हणून पळाली. टोपात तिसऱ्यांचं सुकं होतं, एकशिपी, म्हणजे एकच शिंपी ठेवून केलेलं, भरपूर ओलं खोबरं घालून. आम्ही दोघांनी ते उभ्या उभ्या ओट्यापाशीच संपवलं. चार हात लांब ठेवायचं तिथेच बारगळलं.

महमुदाभाभी मूळची रत्नागिरीच्या राजिवड्याची. बुटकी, गोल, चालताना सदा कुठेतरी उशीर झाल्यासारखी. तिचे यजमान उस्मानभाई सोलकर एका कारखान्यात शिफ्टवर असत. ते जितके अबोल, तितकी ही बोलकी. ऐंशी सालच्या सुमाराला लग्न होऊन बहरीनला आली तेव्हा तिला म्हणे महिनाभर रडू आवरत नव्हतं. घर नवं, भाषा नवी, नवरा रात्रपाळीला. मग एका शुक्रवारी उस्मानभाईंनी तिला उत्तरेच्या किनाऱ्यावर, बारबार गावाच्या अंगाला नेलं. ओहोटी होती. पाणी पार लांब गेलेलं आणि मैलभर ओली रेती उघडी पडलेली. भाभीने चपला काढल्या, टाचेने रेती उकरून पाहिली आणि खाली तिसऱ्या! "तवापासून रडली नाय बघ मी," ती सांगायची.

त्या दिवसापासून मोठ्या ओहोटीला ही बाई समुद्रावर नाही असं सहसा झालं नाही. हातात बादली आणि एक जुनं स्टीलचं उलथनं. त्याने ती रेती अशी उकरायची की भाकरीच परततेय असं वाटावं. सनदपासून रिफापर्यंतच्या कोकणी घरांना, मग ती आमच्यासारखी हिंदू असोत की तिच्यातली, तिसऱ्या पुरवायचं काम तिने आपण होऊन अंगावर घेतलं होतं.

तिथेच पाण्यात हाजी मक्की नावाच्या म्हाताऱ्याचा हद्रा होता. हद्रा म्हणजे उथळ पाण्यात खांब रोवून, त्यांना जाळी बांधून केलेलं कुंपण. किनाऱ्याजवळून सुरू झालेली लांबलचक सरळ भिंत आत जाते आणि टोकाला गोल कोंडाळं असतं. भरतीला मासे आत शिरतात आणि ओहोटीला अडकून पडतात. हाजी मक्कीला भाभी घरचे सांदण, घावणे नेऊन देई आणि तो तिला चार साफी मासे देई. तिचं अरबी यल्ला म्हणजे चला, खलास म्हणजे संपलं आणि मफी म्हणजे नाही, एवढ्यापलीकडे जात नव्हतं. म्हाताऱ्याला त्याचं काही वाटत नसे.

ओहोटी कधी, हे भाभी तिथीवरून काढायची. कोकणातल्या किनाऱ्यावरच्या बाया असंच करतात, माझी आईही तेच करायची. अमावास्या-पौर्णिमेला पाणी मोठं, अष्टमीला लहान. इथल्या वेळा गावच्या वेळांपेक्षा वेगळ्या होत्या, पण तो फरक भाभीने पहिल्या दोन-तीन वर्षांतच बसवला होता. आणि आणखी एक गोष्ट तिला जन्मापासून पक्की माहीत होती. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की तो निवत जातो, आणि दिवाळीनंतर तर अगदी शहाण्यासारखा वागतो. मग पाणी आपल्या वेळेला जातं, वेळेला येतं, अध्येमध्ये काही नाही. हे आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. गावचा समुद्र असाच आहे. इथला तसा नाही, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात कधी आलं नव्हतं.

सत्त्याण्णव साली दसरा झाल्यावर माझी आई व्हिजिट व्हिसावर आली. काशीबाई तिचं नाव. दाभोळच्या खाडीकाठी सगळा जन्म गेलेला, वय साठीच्या पुढे, गुडघे दुखरे पण जीभ शाबूत. चार दिवस तिने एसीचं वारं खाल्लं, टीव्ही पाहिला आणि पाचव्या दिवशी मला विचारलं, "काय गो, ह्ये बेट हाय म्हनतेस. मंग समुद्र खंय ठेवलाय ह्यांनी?"

मी नोकरीवर, जयप्रकाश नोकरीवर, शिवाय मला पाण्याची भीती. तिला समुद्र कोण दाखवणार? भाभीने दाखवला. पहिल्या ओहोटीला दोघी गेल्या आणि आई परतली ती वेगळीच होऊन. गाल लाल, साडीला चिखल, गुडघ्यांचं नाव नाही. त्या रात्री ती भाभीबद्दल इतकं बोलली की मला थोडा हेवाच वाटला. खरं सांगायचं तर बरंही वाटलं. माझी आई परक्या मुलखात माझ्या दिवाणखान्यात सुकत चालली होती, आणि तिला पाणी घालणारं माणूस समोरच्या दारात निघालं होतं.

त्रिपुरी पौर्णिमा त्या वर्षी शुक्रवारी आली. सुट्टीचा वार आणि वर्षातली मोठी ओहोटी. उस्मानभाई सकाळच्या शिफ्टला होते, म्हणून दोघी टॅक्सीनेच गेल्या. सकाळपासून हवा विचित्र होती. नोव्हेंबर असून अंगाला घाम, दक्षिणेचा गरम, चिकट वारा. मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. खालून आईने हात केला. "दुपारच्याला येतो आमी. आज एकशिपी मी करनार हां, महमुदा नाय!"

बारा वाजून गेल्यावर वारा एकदम पडला. पान हलेना. मग वायव्येकडे आकाशाच्या बुडाशी एक काळपट-पिवळी पट्टी दिसली. मी तिच्याकडे बघत असताना ती वर चढत गेली, आणि पाहता पाहता रस्त्यावरचे डबे, पुठ्ठे, कुणाची तरी सतरंजी उडत गेली. धुळीने समोरची इमारत दिसेनाशी झाली. मागोमाग विजा आणि आडवा पाऊस, आणि पावसात गारा. बोरांएवढ्या गारा गाड्यांच्या टपांवर ताडताड आपटत होत्या. घामाची हवा गेली आणि दहा मिनिटांत हुडहुडी भरली. थंड हवेची लाट अशी भिंतीसारखी येऊन आदळते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

आणि आमच्या इमारतीतली कोकणी मंडळी काय करत होती? बाल्कनीत येऊन हसत होती! पावसाला आसुसलेली माणसं. एकाने खालून ओरडून भज्यांची ऑर्डर दिली. मीही क्षणभर हसले असेन. तेवढ्यात सुहा दारात आली. रडवेली.

"आंटी, मम्मी इज नॉट बॅक. द स्टॉर्म इज ऑन द सी."

मनाशी म्हटलं, ओहोटी आहे, पाणी लांब असणार, दोघी शहाण्या आहेत, किनाऱ्यावर आल्या असतील. जयप्रकाशने गाडी काढली. सनदहून बारबारपर्यंत त्या दिवशी किती वेळ लागला, कुणास ठाऊक. इथल्या रस्त्यांना पाणी वाहून जायला गटारंच नाहीत. एका चौकात पाणी गाडीच्या दारांना लागलं. जयप्रकाश स्टिअरिंगवर वाकून गाडी रेटत होता. मी मात्र बोलत होते. त्या बाईला काही अक्कल आहे का, म्हातारं माणूस घेऊन जायचं, परत आल्या की मी तिला सोडणार नाही, दार बंद म्हणजे बंद. मी भीतीने बडबडत होते. जिभेला विसावा दिला असता तर रडू फुटलं असतं.

किनाऱ्यावर पोचलो. रेती नव्हतीच. जिथे ओहोटीने मैलभर रेती उघडी पडायला हवी होती, तिथे करडं, फेसाळलेलं पाणी होतं आणि वाऱ्याबरोबर लाटा थेट रस्त्याच्या कठड्यापर्यंत येत होत्या. भरतीला अजून अवकाश होता. पण वायव्येच्या वाऱ्याने पाणी आधीच ढकलत आणलं होतं. आत पंचवीस-तीस पावलांपलीकडे काही दिसत नव्हतं. गावातले चार-पाच जण होड्यांना दोर बांधत होते. त्यातल्या एकाने आम्हाला बघितलं, आम्ही कुणासाठी आलो ते त्याला कळलं असावं. मोडक्या हिंदीत म्हणाला, "हाजी अंदर गया. हद्रा पकड के गया. इंशाल्ला."

सत्तरीचा म्हातारा, आणि असल्या पाण्यात आत गेला होता. आम्ही तिथे उभे राहिलो. जयप्रकाश पाण्यात उतरायला निघाला तेव्हा त्या माणसांनी त्याला दंडाला धरून मागे खेचलं. मी हद्र्याचा पहिला खांब धरून उभी राहिले. त्याच्यापुढचा दुसरा खांब दिसत होता, तिसरा दिसत होता, चौथ्यापासून नुसता पाऊस. मी त्या चौथ्या खांबाच्या जागेकडे बघत राहिले. देवाला काय काय बोलले, ते इथे लिहीत नाही.

पुष्कळ वेळाने तिथे काहीतरी हललं. आधी हाजी मक्की दिसला, कमरेला दोर बांधलेला. त्याच्या मागे एक बेढब आकृती, माणसाएवढीही वाटेना. जवळ आल्यावर कळलं की ती दोन माणसं आहेत. महमुदाभाभीने माझ्या आईला आपल्या ओढणीने स्वतःच्या कमरेशी बांधून घेतलं होतं. एक हात आईच्या काखेत आणि दुसरा जाळीवर. आई डोळे मिटून चालत होती. जयप्रकाश आणि दोघे-तिघे पाण्यात धावले. ओढणीची गाठ इतकी घट्ट आवळली होती की सुटेना, शेवटी कुणीतरी सुरीने कापली.

सलमानियाच्या इस्पितळात दोघींना शेजारशेजारच्या खाटांवर ठेवलं. आईचं अंग गार पडलं होतं, तळपायांना शिंपल्यांनी चिरा पडल्या होत्या, पण डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही नाही. ते ऐकून माझ्या जिवात जीव आला. महमुदाभाभीच्या दोन्ही तळहातांना पट्ट्या होत्या. हद्र्याच्या जाळीवर आणि खांबांवर कालवांसारखं धारदार कवच बसलेलं असतं. ते धरत धरत ती एवढं अंतर चालली होती, तळव्यांची सालटी निघाली होती.

काय झालं, ते आईने ब्लँकेटमधून सांगितलं. दोघी हद्र्याजवळ रेती उकरत होत्या. हाजी मक्की किनाऱ्यावरून हातवारे करत ओरडायला लागला. या दोघींना वाटलं, आपण त्याच्या जाळ्याच्या फार जवळ आलो म्हणून म्हातारा रागावला. गावाकडे कुणाच्या वाणाजवळ, म्हणजे खाडीत रोवलेल्या जाळ्याजवळ, फिरकलं की असंच ओरडतात. म्हणून या शहाण्या मुकाट्याने जाळ्यापासून लांब सरकल्या, आणखी आत! मग धूळ आली, पाऊस आला, आणि पायाखालची नुसती ओली रेती जाऊन पाणी बघता बघता पोटरीला लागलं. किनारा कुठल्या बाजूला, तेही कळेना. भाभीला फक्त एवढं आठवत होतं की हद्र्याची भिंत किनाऱ्याला जाते. ती आईला ओढत, अंदाजाने चाचपडत त्या भिंतीपर्यंत गेली. तोवर पाणी आईच्या छातीला आलं होतं. विजा कडाडत होत्या तरी तिने जाळी सोडली नाही.

"मी तिला म्हटलं," आई सांगत होती, "सोड गो माका. माजं झालं सगलं. तुजी पोर ल्हान हाय. तर काय म्हनते ही? म्हनते, काकी, गप चला. तुमाला सोडून गेली तर नीलाताय मना जीती ठेवायची नाय!"

आई हसली. मी हसू शकले नाही. उठून भाभीच्या खाटेपाशी गेले. गाडीत जे जे बोलले होते त्यातलं एक अक्षर तोंडात राहिलं नव्हतं. मी म्हटलं, "भाभी, तुमचे उपकार मी..."

ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. तशीच म्हणाली, "जिला मीच पान्यात नेली तिलाच भायेर आनली. त्यात उपकार कसला, नीलाताय?"

त्यानंतर महमुदाभाभी आमच्याकडे यायची बंद झाली. समोरचं दार सदा लावलेलं. कोकणी घरांतून कुजबुज चालू होती, म्हातारीला मारली असती म्हणून, आणि ती तिच्या कानावर जात असणार. उस्मानभाई एकदा दारात येऊन माफी मागून गेले. त्यांना मी आत बोलवून चहा दिला आणि चांगलं झापलं. माफी कसली मागता? माझी आई तुमच्या बायकोने जिवंत आणून दिली! ते मान खाली घालून ऐकत होते. मी भाभीकडे तीनदा गेले. ती बसा म्हणायची, चहा करायची, पण नजर वर उचलायची नाही. बादली आणि उलथनं तिने कुणाला तरी देऊन टाकलं होतं. माझ्या फ्रीजमध्ये पुन्हा फळ्या आल्या आणि त्यांना नावं ठेवायला कुणी आलं नाही. कुणी माझ्या घरात घुसत नाही, हे सुख मला इतकं बोचेल असं वाटलं नव्हतं.

आभार मानायचे तरी कसे? साडी दिली तर तिने घेतली नसती. शब्द तिला टोचत होते. माझ्यासारख्या बाईला गोड बोलता येत नाही ते वेगळंच. आईचा परत जायचा दिवस जवळ आला. ती खिडकीत बसून म्हणायची, "महमुदा माज्याशी बोलत नाय गो. माजं काय चुकलं?"

तेव्हा मला सुचलं. डिसेंबरातल्या पौर्णिमेच्या आदल्या शुक्रवारी मी आईला साडीचा कासोटा घालायला सांगितला, नवी बादली घेतली, दोन नवी उलथनी घेतली आणि समोरची बेल दाबली. भाभीने दार उघडलं. आमच्या हातात काय आहे ते बघून ती दोन पावलं मागे सरकली.

"नाय," ती म्हणाली. "मी नाय येनार."

"आईला एकटीला पाठवू?"

"तू जा की घेऊन."

"मला पाण्याची भीती वाटते, तुम्हाला माहीत आहे. तिला कुणाच्या भरवशावर पाठवू मग? तुमच्यासारखं दुसरं कोण आहे माझं इथे?"

हे मी ओरडून बोलले, माझ्या नेहमीच्या आवाजात. जिन्यात सगळ्यांना ऐकू गेलं असेल. जाऊ दे. महमुदाभाभी दाराला टेकून रडली, आणि मग आत जाऊन तोंड धुऊन आली.

बारबारला हाजी मक्की कठड्यावर बसला होता. या वेळी भाभीने आधी त्याला विचारलं. अरबी येत नव्हतं, म्हणून वायव्येकडे बोट दाखवून नुसत्या भुवया उंचावल्या. म्हाताऱ्याने त्या बाजूला बराच वेळ पाहिलं, बोट ओलं करून वारा पाहिला आणि म्हणाला, "यल्ला." आकाश स्वच्छ होतं. आई चपला काढून केव्हाच पुढे गेली होती.

भाभी मात्र ओल्या रेतीच्या कडेशी थांबली. मला वाटलं, चप्पल काढतेय. ती काही काढत नव्हती. तिचे पाय उचलत नव्हते. ज्या बाईने त्या दिवशी वादळातून माझ्या आईला ओढत आणलं, ती निवांत, उथळ पाण्यापुढे अडून उभी होती. मी तिचा हात धरला. तळव्यावरचे नवे वण हाताला खरखरीत लागले.

"भाभी, चला," मी म्हटलं. "आई तिथे एकटी आहे."

तिने एकदा समोर पाहिलं. मग सलवार पोटऱ्यांपर्यंत वर घेतली आणि मला मागे ओढतच भराभरा चालू लागली.